वाघ काढून टाकला तर गोष्टीत उरतं काय?

मुंबईतल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतो आहे: सहा वर्षांखालच्या मुलांना परीकथा सांगू नका, वाघ-राक्षसांनी मुलं भित्री होतात, तीच तीच वाक्यं ऐकून भाषा खुंटते, सावत्र आईबद्दल मन कलुषित होतं, सांगायचीच तर शेवटी तात्पर्य सांगा. यातला एकच मुद्दा रास्त आहे.

आधी भीती. परीकथेतल्या भीतीला हद्द असते. भोपळ्यातली म्हातारी वाघाला सांगते, ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा.’ कोल्ह्यालाही तेच. दुसऱ्या संकटाच्या वेळी सुटकेची वाट मुलाला आधीच ठाऊक असते. वाघच काढला, तर परतताना तिनं भोपळ्यात बसायचं कशाला?

मुलं घाबरतात ती बहुधा सांगणाऱ्यामुळे. वाघ समोर उभा असताना ‘उरलेली उद्या’ म्हणून दिवा मालवला जातो. किंवा वाघाच्या जागी आरे कॉलनीतला बिबट्या येतो. गोरेगावच्या मुलासाठी तो खराच असतो, गोष्टीतलं अंतर तिथेच संपतं. ‘झोप, नाहीतर राक्षस येईल’ ही तर गोष्टच नव्हे, धमकी आहे. संकट एका वाक्यात, नेहमीच्या आवाजात सांगा. दात-रक्ताचं वर्णन नको. मूल ‘पुढे नको’ म्हणालं तर थेट ‘म्हातारी सुखरूप घरी पोचली’ इथे या. मधला भाग दुसऱ्या दिवशी दिवसाउजेडी सांगा.

पुनरावृत्तीबद्दल तर उलटंच दिसतं. ससेक्स विद्यापीठाच्या २०११ च्या अभ्यासात तीन वर्षांच्या ज्या मुलांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली, ती नवे शब्द अधिक चांगले शिकली. वेगवेगळ्या गोष्टी ऐकणारी मागे राहिली. म्हणून पालुपद दर वेळी अगदी तेच ठेवा. तिसऱ्यांदा ‘चल रे भोपळ्या’ म्हणून थांबा, ‘टुणूक टुणूक’ मुलाला म्हणू द्या. मध्येच ‘भोपळ्याचा रंग कोणता?’ अशी परीक्षा घेऊ नका, लय तुटते.

सावत्र आईचा आक्षेप मात्र मान्य. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या आवृत्तीत हिमगौरीचा छळ करणारी तिची सख्खी आई होती, १८१९ मध्ये ती सावत्र झाली. म्हणजे नातं बदलता येतं. घरात सावत्र आई असेल तर ‘मत्सरी राणी’ म्हणा. गोष्टीला बलाढ्य शत्रू लागतो, नातेवाईकच लागतो असं नाही.

राहिलं तात्पर्य. ते इसापनीतीला शोभतं. म्हातारी वाघाला चक्क फसवते, तिथे ‘खोटं बोलू नये’ कसं चिकटवणार? लहानग्याला आनंद असतो तो दुबळ्यानं बलवानाला चकवल्याचा. मुलानंच विचारलं, ‘ती खोटं बोलली ना?’, तर सरळ सांगा: हो, जीव वाचवायला.