दुःख फक्त प्रेक्षकांचं नव्हतं

लंडनचा फुटबॉल क्लब वेस्ट हॅम आपलं जुनं मैदान, अप्टन पार्क, सोडून गेला, त्यावरच्या तुमच्या लेखातलं ‘अप्टन पार्क सोडल्याची हळहळ वेस्ट हॅमच्या प्रेक्षकांपुरतीच होती’, हे वाक्य मला अजिबात पटलं नाही. २०१६ ला क्लब गेला तेव्हा मी मैदानाजवळच्या ग्रीन स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत राहत होते. मॅचच्या दिवशी साड्यांच्या, सोन्याच्या दुकानांसमोरून गडद लाल-निळ्या जर्सींचा लोंढा जायचा, पोलिसांचे घोडे फूटपाथला लागून उभे असायचे आणि बर्गरच्या गाडीवर परतणाऱ्या कांद्याचा वास पार आमच्या जिन्यापर्यंत यायचा. गोल झाला की टीव्ही न लावताही कळायचं, खिडकीची तावदानं हलायची. भाजी आणायला मी मॅच सुरू झाल्यावरच निघायची. कटकट वाटायची खरं तर, पण मे महिन्यातल्या त्या शेवटच्या रात्री, मँचेस्टर युनायटेडला ३-२ ने हरवल्यावर, म्हातारी माणसं रस्त्यात उभी राहून रडत होती आणि मलाही भरून आलं. १९०४ पासून तिथं खेळ चालला होता हो! पुढच्या मोसमात शनिवारची दुपार इतकी सुनी झाली की कोपऱ्यावरचा चहावाला कप विसळायचं सोडून नुसता दारात उभा असायचा.

क्लब आता जिथं खेळतो त्या नव्या स्टेडियमबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. ऑलिंपिकसाठी बांधलेलं, धावण्याच्या शर्यतींच्या ट्रॅकमुळे खुर्च्या मैदानापासून लांब. ३५ हजारांच्या जागी ६० हजार माणसं बसतात, पण जुन्या मैदानात थ्रो-इन घेणाऱ्या, म्हणजे कडेच्या रेषेवरून हातानं बॉल आत फेकणाऱ्या खेळाडूचा श्वास ऐकू यायचा. एकदाच गेले होते आत, तेवढं आठवतंय.