‘निबंध लिहिला की सुटका’ : एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

अल्पवयीन आरोपीची बातमी आली की मोबाइलवर एक ठरावीक मजकूर पुन्हा फिरू लागतो. त्याचा आशय असा : अठरा वर्षांच्या आत कोणताही गुन्हा करा, निबंध लिहा आणि घरी जा, फार झाले तर तीन वर्षे सुधारगृह, वय कमी दाखवायला एक खोटा दाखला पुरतो, सगळे बंद दाराआड उरकले जाते, आणि बाल न्याय मंडळाने एकदा सोडले की त्याविरुद्ध वर दाद मागता येत नाही. यातील जवळजवळ प्रत्येक विधान बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या तरतुदींशी विसंगत आहे. शेवटच्या विधानात मात्र सत्याचा एक अंश आहे, आणि तो मजकूर लिहिणाऱ्याच्याही लक्षात आलेला दिसत नाही.

निबंधापासून सुरुवात करणे भाग आहे, कारण बाकीच्या गैरसमजांचे मूळ तिथे आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शे मोटारीच्या धडकेने दुचाकीवरील दोन तरुण अभियंते ठार झाले. मोटार चालवणाऱ्या मुलाचे वय १७ वर्षे ८ महिने होते. तो दिवस रविवारचा होता. अल्पवयीन आरोपींची प्रकरणे हाताळणाऱ्या तीन सदस्यांच्या बाल न्याय मंडळाची बैठक नसेल तेव्हा बालकाला मंडळाच्या एका सदस्यापुढे हजर करता येते, आणि त्या दिवशी तसेच झाले. त्या सदस्याने त्याच दिवशी जामीन मंजूर केला आणि अटींमध्ये रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली. ही जामिनाची अट होती, शिक्षा नव्हती. ज्या चौकशीत दोष सिद्ध होतो किंवा होत नाही, ती तेव्हा सुरूही झालेली नव्हती. प्रौढांच्या खटल्यात जामीन म्हणजे निकाल नव्हे हे आपण सहज मान्य करतो. आरोपी अल्पवयीन असला की मात्र जामिनाच्या बातमीलाच निकालाची बातमी समजतो.

अधिनियमाच्या कलम १२ नुसार बालकाला जामीन देणे हा नियम आहे, मग गुन्हा जामीनपात्र असो वा नसो. जामीन नाकारायचा तर तीनच कारणे चालतात : सुटका झाल्यास तो ज्ञात गुन्हेगारांच्या संगतीत जाण्याची शक्यता, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका, अथवा सुटकेमुळे न्यायाचा हेतूच विफल होणे. नकाराची कारणे लेखी नोंदवावी लागतात. निबंधाची अट मला स्वतःला त्या प्रसंगाच्या गांभीर्याला न शोभणारी वाटते, आणि लोकांचा संतापही समजण्यासारखा होता. पण पुढे काय घडले हे फिरत्या मजकुरात येत नाही. पोलिसांच्या अर्जावर २२ मे रोजी मंडळाने त्या मुलाला निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात त्या संस्थेत, पाठवले आणि नंतर ती मुदत वाढवत नेली. मुलाच्या आत्याने मुंबई उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस (बेकायदा ताब्यातून सुटकेसाठीची) याचिका केली, तेव्हा आधीचा जामीन आदेश कायम असताना त्याला निरीक्षणगृहात ठेवणे बेकायदा आहे असे ठरवून खंडपीठाने २५ जून २०२४ रोजी त्याला आत्याच्या ताब्यात सोडण्याचा आदेश दिला. म्हणजे आधी सोडण्याची घाई टीकेस पात्र ठरली आणि मग लोकक्षोभापुढे डांबण्याची घाई न्यायालयात टिकली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने मंडळाच्या दोन अशासकीय सदस्यांना पदावरून दूर केले. या साऱ्याला ‘निबंध लिहिला आणि सुटला’ असे म्हणायचे असेल तर बऱ्याच गोष्टींकडे डोळेझाक करावी लागेल.

आता तीन वर्षांचा मुद्दा. २०१२ च्या दिल्लीतील सामूहिक बलात्कार प्रकरणातील अल्पवयीन आरोपी तीन वर्षांनी, डिसेंबर २०१५ मध्ये बाहेर आला, हे खरे आहे. तेव्हा २००० सालचा कायदा लागू होता आणि त्यात त्याहून अधिक काळ ठेवण्याची सोय नव्हती. त्याच महिन्यात राज्यसभेने नवा कायदा मंजूर केला आणि १५ जानेवारी २०१६ पासून तो अमलात आला. या कायद्याने गुन्ह्यांचे किरकोळ, गंभीर आणि निर्घृण असे तीन वर्ग पाडले. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा सांगितली आहे तो निर्घृण. खून आणि बलात्कार या वर्गात येतात. असा आरोप असलेल्या बालकाने गुन्ह्याच्या दिवशी सोळा वर्षे पूर्ण केली असतील, तर मंडळ प्राथमिक मूल्यांकन करते : तो गुन्हा करण्याची त्याची मानसिक व शारीरिक क्षमता होती का, परिणाम समजण्याची कुवत होती का, आणि गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला. यासाठी अनुभवी मानसशास्त्रज्ञांची मदत घेता येते. हा खटला नव्हे. गुन्हा केला की नाही हे तिथे ठरत नाही. मंडळाला प्रौढ म्हणून खटला चालवणे आवश्यक वाटले तर प्रकरण बाल न्यायालयाकडे, म्हणजे मंडळाच्या वरच्या, सत्र न्यायालयाच्या पातळीवरील न्यायालयाकडे जाते, आणि ते न्यायालय हाच प्रश्न स्वतः पुन्हा तपासते. तिथे दोषी ठरलेला मुलगा २१ वर्षांचा होईपर्यंत ‘सुरक्षित स्थानी’, म्हणजे तुरुंगाहून वेगळ्या संस्थेत राहतो. त्यानंतर त्याच्यात कितपत सुधारणा झाली हे पाहून त्याला अटींवर सोडायचे की उरलेली शिक्षा भोगायला तुरुंगात पाठवायचे हे ठरते. कायद्याने मना केली आहे ती फाशी, आणि सुटकेची शक्यताच न ठेवणारी जन्मठेप. तीन वर्षांची कमाल मर्यादा मंडळाने स्वतः दिलेल्या आदेशांना आहे. बाल न्यायालयाने प्रौढ म्हणून चालवलेल्या खटल्याला नाही.

इथे एक बारीक पण महत्त्वाची गाठ आहे. जून २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेत सदोष मनुष्यवधाला (खुनाच्या व्याख्येत न बसणाऱ्या मनुष्यवधाला) जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकत होती, पण किमान शिक्षा सांगितलेली नव्हती. मग तो निर्घृण गुन्हा धरायचा का? हा प्रश्नही एका मोटारीवरूनच सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता. २०१६ मध्ये दिल्लीत एका अल्पवयीन चालकाच्या मर्सिडीजने एका तरुणाला चिरडले होते. ९ जानेवारी २०२० च्या निवाड्यात न्यायालयाने सांगितले की कमाल शिक्षा सात वर्षांहून अधिक असली तरी किमान सात वर्षांची सांगितलेली नसेल, तर असा गुन्हा निर्घृण नव्हे, गंभीर धरावा. २०२१ च्या दुरुस्तीने हाच अर्थ कायद्यात आला. कल्याणीनगर प्रकरणात मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली, तेव्हा बचाव पक्षाने याच निवाड्यावर भर दिला होता. ही वर्गवारी पटत नसेल तर तक्रार संसदेकडे करायला हवी, कारण मंडळाला ती बदलण्याचा अधिकारच नाही.

खोट्या दाखल्याबद्दल. वय कसे ठरवायचे याचा क्रम कलम ९४ मध्ये आहे : आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. लबाडी होत नाही असे मी म्हणत नाही; पण उलट दिशेची चूक किती भयंकर असू शकते हे पुण्याच्याच एका प्रकरणात दिसले. १९९४ मध्ये पुण्यात एकाच घरातील सात जणांची हत्या झाली. दोषी ठरलेल्या एकाला फाशी सुनावली गेली आणि ती सर्वोच्च न्यायालयानेही कायम केली. पुढे कधीतरी राजस्थानातील त्याच्या शाळेची नोंद समोर आली, पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांनी चौकशी केली, आणि २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की घटनेच्या दिवशी त्याचे वय साडेबारा वर्षांचे होते. तोवर त्याने २८ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता. अल्पवयीन असल्याचा दावा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, अगदी अंतिम निकालानंतरही करता येतो, ही तरतूद नसती तर तो फासावर गेला असता.

‘बंद दाराआड’ हे शब्द खरे आहेत, त्यामागचा संशय नाही. मंडळात एक प्रधान दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, आणि त्या दोघांत एक तरी स्त्री असावी लागते. नियमांप्रमाणे बैठक निरीक्षणगृहात किंवा त्याच्या जवळपास होते. सदस्यांसाठी उंच चौथरा नसतो, साक्षीदाराचा पिंजरा नसतो, आणि मुलाला बेड्या घालून आणता येत नाही. टेबलाच्या एका बाजूला तिघे, समोर खुर्चीवर मुलगा, त्याच्या शेजारी बहुधा कामाचा खाडा करून आलेली आई, आणि मुलाच्या घरची परिस्थिती पाहणाऱ्या परिविक्षा अधिकाऱ्याच्या हातात त्या घराचा सामाजिक तपासणी अहवाल, असे ते दृश्य असते. पण याचा अर्थ पुरावा पाहिला जात नाही असा नव्हे. गंभीर गुन्ह्याची चौकशी समन्स खटल्याच्या, म्हणजे तुलनेने साध्या, पद्धतीने चालते, साक्षीदार तपासले जातात, उलटतपासणी होते. ओळख गुप्त ठेवण्याचे बंधन मात्र कडक आहे. बालकाचे नाव वा छायाचित्र प्रसिद्ध करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. या मजकुरासोबत मुलाचे छायाचित्र जोडून पाठवणाऱ्यांनी हे ध्यानात घेतलेले बरे.

राहिला अपिलाचा मुद्दा. मंडळाच्या आदेशाने बाधित झालेली कोणतीही व्यक्ती ३० दिवसांत बाल न्यायालयाकडे अपील करू शकते. उशिराला सबळ कारण असेल तर तो माफ होतो. प्राथमिक मूल्यांकनानंतरच्या आदेशाविरुद्ध सत्र न्यायालयात अपील होते, आणि तिथे मंडळाने ज्यांची मदत घेतली होती त्यांच्याहून वेगळ्या मानसशास्त्रज्ञांची व वैद्यकीय तज्ज्ञांची मदत घेता येते. या अपिलाच्या मुदतीविषयी कलमात स्पष्ट उल्लेख नव्हता. ७ मे २०२४ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने तिथेही ३० दिवसांची मुदत सांगितली. बाल न्यायालयाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात जाता येते, आणि मंडळाची वा बाल न्यायालयाची कागदपत्रे मागवून आदेशाची कायदेशीरता व योग्यता तपासण्याचा पुनरीक्षणाचा अधिकार उच्च न्यायालयाला कलम १०२ ने दिला आहे. दाद मागण्याचे इतके दरवाजे आहेत.

तरी एक दरवाजा बंद आहे, आणि तो पीडितांच्या बाजूचा आहे. मंडळाने बालकाला निर्दोष ठरवले, तर सोळा वर्षे पूर्ण झालेल्या बालकावरील निर्घृण गुन्ह्याच्या आरोपाचे प्रकरण सोडून अन्यत्र त्या निर्णयाविरुद्ध अपील करता येत नाही. मंडळाच्या आदेशावर एकदा अपील झाल्यावर सत्र न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध दुसरे अपीलही नाही. मृतांच्या नातेवाइकांना तेव्हा उरतो तो उच्च न्यायालयातील पुनरीक्षणाचा मार्ग, ज्यात पुरावा नव्याने तोलला जाईलच याची खात्री नसते. कल्याणीनगरचा गुन्हा ‘गंभीर’ या वर्गात मोडत असल्याने मंडळाने उद्या त्या मुलाला निर्दोष ठरवले, तर त्या दोन कुटुंबांनाही हीच मर्यादा लागू होईल.