हाताला सलाइन असताना कोण खरं बोलेल?

सकाळी सकाळी एका मित्रानं फोटो टाकला. कॅन्सर दवाखान्याची ओपीडी, फुगे, आणि भलामोठा बॅनर: 'आमचे रुग्ण समाधानी'. खाली अभिनंदनाचा पूर. डोकंच सटकलं माझं.

तो समाधानाचा फॉर्म कसा भरतात ते मी पाह्यलंय. खर्र्यापायी, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या घोटलेल्या मिश्रणापायी, मामाला तोंडाचा कॅन्सर झाला. वरोऱ्याकडच्या गावातून पहाटे निघायचं, नागपुरात केसपेपर, रक्त, रिपोर्ट, डॉक्टर, मग कुठं केमोचा बेड. एकदा सलाइन सुरू असतानाच एक पोरगी फॉर्म घेऊन आली. सिस्टर बाजूलाच उभी. "काका, सेवा कशी वाटली?" मामा माझ्या कानाशी लागला, "बढिया लिही बाप्पा. पुढच्या खेपेला याच लायनीत यायचं हाय." सगळीकडं 'उत्कृष्ट'. 'किती वेळ थांबावं लागलं' यालासुद्धा उत्कृष्ट!

आता सांगा, ज्याच्या हातात आपला जीव त्याला नापास कोण करेल? आणि याच कागदांची बेरीज करून बॅनर लावता?

नर्सिंग शिकणारी बहीण म्हणते, युरोपातल्या ईओआरटीसी या कॅन्सर संशोधन संस्थेनं खास ओपीडीच्या कॅन्सर पेशंटसाठी ३५ प्रश्न तयार केलेत. केमोवाल्यांचे वेगळे, रेडिएशनवाल्यांचे वेगळे. डॉक्टर, सिस्टर, माहिती, थांबणं, सगळं सुटं सुटं विचारतात. असेल. प्रश्न चांगले असतील, पण सिस्टरसमोर विचारले तर मामा ३५ वेळा बढियाच म्हणणार.

मामाच्या फॉर्मवर पंखे होते, संडासाची स्वच्छता होती. केमोनंतर पांढऱ्या पेशी घटतात, तेव्हाचा ताप अंगावर काढायचा नसतो. मग रात्री गावात ताप भरला तर फोन कोणाला करायचा, हे सांगितलं का? फॉर्ममध्ये नाही. रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपरचं तिकीट माफ असतं, सोबतच्याला ७५ टक्के सवलत. दवाखान्याचा सहीशिक्का लागतो त्याला, तरी आम्हाला हे डब्यातल्या एका बाईकडून कळलं!

बरं, एवढ्या गर्दीत सिस्टर लोक करतात ते कमी नाही. मान्य.

आणि मामा अगदीच खोटं बोलला असंही नाही म्हणा. त्याचं तोंड जेमतेम एक बोट उघडतं. एका तरुण डॉक्टरनं वाकून, बॅटरी लावून नीट पाह्यलं आणि विचारलं, "काका, जेवण काय जातं?" मामा म्हणे, "वरनाचं पानी." डॉक्टर मिनिटभर तसाच हात धरून बसला. ते मामा अजून गावभर सांगतो. त्या एका मिनिटापायी त्यानं बाकी सगळं माफ केलं असेल. पण ती माफी मामाची. तुम्ही कशाला बॅनरवर छापता?

खरंच विचारायचं असेल तर घरी फोन करा. रात्री आठनंतर, वावरातून माणसं आल्यावर, मराठीत, आणि दवाखान्याबाहेरच्या माणसाकडून. मामाला नका विचारू, मामीला विचारा. तिची यादी तयार आहे.