भिजलेला फोन तांदळात पुरू नका

पाऊस सुरू झाला की मुंबईत सोसायट्यांच्या ग्रुपवर हमखास मेसेज फिरतो: भिजलेला फोन रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवा. कृपया ठेवू नका. तांदूळ आतलं पाणी ओढून घेत नाही. उलट त्याचे बारीक कण चार्जिंगच्या पोर्टमध्ये अडकतात. आयफोन तांदळात ठेवू नका, असं ॲपलनेही स्पष्ट सांगितलंय.

फोन बंद करा, कव्हर काढा. पोर्ट खाली धरून तळहातावर हलकेच आपटा आणि पंख्याखाली ठेवा. हेअर ड्रायर नकोच. पूर्ण वाळायला कधीकधी अख्खा दिवस जातो. तोवर, कितीही निकड असली तरी, चार्जर लावू नका. ओल्या पोर्टमध्ये करंट गेला की पिना गंजतात.

मरीन ड्राइव्हवर भरतीच्या लाटेत भिजला असेल, तर मात्र सरळ दुरुस्तीला न्या. खारं पाणी वाळलं तरी मीठ आतच राहतं.