'विक्रोळी' फोल्डरात कर्सर का भटकतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इमॅक्स या एडिटरमध्ये टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) कसं लावावं, या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंय की टर्मिनलचं नाव सांगणाऱ्या 'टर्म' या व्हेरिएबलची मी सुचवलेली ओळ बॅशआरसीत (बॅश हे शेल सुरू होताना वाचतं ती फाइल) घातल्यापासून इमॅक्सच्या साध्या शेलमध्ये प्रॉम्प्टच्या, म्हणजे कमांडची वाट बघणाऱ्या खुणेच्या, आधी कचरा दिसतोय आणि ट्रॅम्पने (दूरच्या मशीनवरच्या फाइली इमॅक्समध्येच उघडणारी सोय) सर्व्हरवरची फाइल उघडायला गेलं की इमॅक्स लटकतो. व्हीटर्म या इमॅक्समधल्या पूर्ण टर्मिनलमध्ये 'मुंबई' नावाच्या फोल्डरात सगळं नीट चालतं, पण 'विक्रोळी'त शिरलं की कर्सर भलतीकडे जातो. आणि शेवटी तुमचा सरळ प्रश्न: "एवढा आटापिटा कशाला? शेजारी टर्मिनलची खिडकी उघडली की काम होतं."

ती ओळ चुकीची होती. लेखातून काढली आहे आणि का काढली तेही तिथे लिहिलं आहे. तुमचे दोन दिवस त्यात गेले, त्याबद्दल मनापासून माफी मागते.

चूक नेमकी काय होती ते नीट सांगायला हवं, कारण हीच ओळ अनेकांच्या बॅशआरसीत वर्षानुवर्षं बसलेली असते. टर्म हे व्हेरिएबल म्हणजे पडद्याने प्रोग्रॅमला दिलेली माहिती: मला कुठले कोड कळतात, मी काय रंगवू शकतो. १९७८ साली डेक कंपनीचं व्हीटी१०० आलं, तेव्हा बाजारात वेगवेगळे कोड समजणारी बरीच टर्मिनलं होती आणि समोर कोणतं आहे हे प्रोग्रॅमला सांगावं लागायचं. आज खरं टर्मिनल टेबलावर नसतं, पण व्यवस्था तीच आहे. म्हणून टर्मची किंमत ठरवायचा हक्क पडदा रंगवणाऱ्या प्रोग्रॅमचा. बॅशआरसी पडदा रंगवत नाही. तिथे 'एक्सटर्म-२५६कलर' लिहिलं की प्रत्येक ठिकाणी, खरं असो वा खोटं, तेच उत्तर जातं.

इमॅक्सचं साधं शेल स्वतःला 'डम्ब' म्हणवतं आणि ते खरंच आहे, तो नुसता मजकुराचा बफर, म्हणजे इमॅक्समधलं मजकुराचं पान, आहे. उबुंटूच्या मूळ बॅशआरसीत अशी अट असते की टर्म 'एक्सटर्म'ने सुरू होत असेल तर प्रॉम्प्टसोबत खिडकीचं शीर्षक बदलण्याचा कोडही पाठवायचा. माझ्या ओळीमुळे ती अट खरी ठरली. तुम्हाला दिसणारा चौकोनी कंस, शून्य आणि अर्धविराम, मग यूजरचं नाव, हा तो शीर्षकाचाच कोड. रंगांचे कोड इमॅक्सचं शेल ओळखतं, म्हणून रंग नीट आले आणि हे तेवढं उघडं पडलं. ट्रॅम्पचं दुखणं त्याच कुळातलं. तो सर्व्हरवर 'डम्ब' म्हणून लॉगिन करतो आणि साध्या प्रॉम्प्टची वाट बघत बसतो. त्याच्यासमोर सजवलेला प्रॉम्प्ट आला की तो ओळखतच नाही. ओळ काढाच, शिवाय सर्व्हरच्या बॅशआरसीत अगदी वर एक अट घाला: टर्म 'डम्ब' असेल तर प्रॉम्प्ट नुसता डॉलर आणि एक स्पेस, आणि तिथूनच परत फिरायचं, पुढचं काही वाचायचं नाही. टीमक्स (एका टर्मिनलात अनेक टर्मिनलं चालवणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर त्याच्या आतही टर्म 'स्क्रीन' किंवा 'टीमक्स'ने सुरू होणारंच हवं, तिथेही माझी ओळ नडली असती.

मी ती मुळात का लिहिली होती? अ‍ॅन्सी-टर्म हे इमॅक्समधलं आणखी एक टर्मिनल स्वतःला 'ईटर्म-कलर' म्हणवतं, आणि मी ज्या जुन्या सर्व्हरवर काम करायचे त्याला हे नाव ठाऊक नव्हतं. लेस (मजकूर पानापानाने दाखवणारी कमांड) उघडलं की अनोळखी टर्मिनल म्हणून तक्रार. मी खोटं नाव देऊन ती तक्रार गप्प केली. योग्य उपाय म्हणजे सर्व्हरला ती ओळख करून देणं: आपल्या मशीनवर टर्मिनलचं वर्णन छापणारी इन्फोकम्प ही कमांड चालवायची, तिचं आउटपुट एसएसएचवरून (दूरच्या मशीनवर लॉगिन करायची सोय) सर्व्हरवरच्या टिक या, ते वर्णन नोंदवणाऱ्या, कमांडला द्यायचं. ती नोंद तुमच्या होम फोल्डरातल्या टर्मइन्फोत, म्हणजे टर्मिनलांच्या वर्णनांच्या संग्रहात, बसते, रूटची परवानगी लागत नाही.

आता विक्रोळी. तुमच्या प्रतिक्रियेतला हा सगळ्यात मोलाचा भाग, कारण आपल्या भाषेत फोल्डरांची नावं ठेवणाऱ्यालाच हा अनुभव येतो. टर्मिनल म्हणजे चौकटींचा कागद, व्हीटी१००वर २४ ओळी आणि ८० रकाने. प्रत्येक अक्षरचिन्ह किती रकाने खाणार हे आधी ठरलेलं असतं. व्हीटर्मच्या पोटातली लिबव्हीटर्म ही लायब्ररी उकार, अनुस्वार, एक मात्रा आणि हलन्ताला शून्य रकाने देते. काना, दोन्ही वेलांट्या आणि ओकाराला मात्र एकेक रकाना देते. आता मोजून बघा. 'मुंबई'त म, ब आणि ई यांचे ३ रकाने, उकार-अनुस्वार फुकट. डोळ्यांना ३ अक्षरं, हिशेबात ३ रकाने, जमलं. 'विक्रोळी'त व, वेलांटी, क, र, ओकार, ळ, वेलांटी: ७ रकाने. डोळ्यांना मात्र तीनच अक्षरं, वि, क्रो, ळी. इमॅक्स २७पासून, म्हणजे २०२०पासून, हार्फबझ या लायब्ररीने अक्षरं जोडून नीट दाखवतो, त्यामुळे चित्र सुंदर दिसतं आणि लिबव्हीटर्मचा हिशेब वेगळाच चालू राहतो. कर्सर हिशेबाच्या जागी जातो, अक्षरं चित्राच्या जागी असतात.

यावर पक्का इलाज माझ्याकडे नाही. काम चालवणारा उपाय आहे: प्रॉम्प्टच्या शेवटी नवी ओळ घाला, म्हणजे फोल्डरचं नाव वरच्या ओळीत राहील आणि कमांड पहिल्या रकान्यापासून सुरू होईल. इंग्रजी नावाच्या फोल्डरातही लांब कमांड स्वतःच्याच ओळीवर चढत असेल तर देवनागरीचा दोष नाही. प्रॉम्प्टमधल्या रंगांच्या कोडभोवती बॅशचे 'न छापण्याचे' कंस राहिलेत का ते बघा.

आणि याच जागी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहे. बाहेरच्या बऱ्याच टर्मिनलांत विक्रोळीचा कर्सर जसा चुकतो तशी अक्षरंही सुटी पडतात, वेलांटी एकीकडे आणि व दुसरीकडे. इमॅक्सच्या साध्या शेलमध्ये चौकटींचा कागदच नाही, त्यामुळे मराठी नावांची यादी तिथे जशीच्या तशी वाचता येते. ज्यांच्या फाइली मराठीत आहेत त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. बाकी सोय सवयीची. पनवेल लोकलमध्ये बसायला मिळालं तर मी मांडीवर छोटा लॅपटॉप उघडते. त्यावर दोन खिडक्या शेजारी मावत नाहीत, आणि एरर आली की त्याच बफरमधून फाइलच्या त्या ओळीवर उडी मारता येणं मला हवंच असतं. (वाशीच्या खाडीपुलावर नेटवर्क जाऊन एसएसएच गोठलं तर एंटर, टिल्ड, टिंब असं दाबा, खिडकी बंद करावी लागत नाही.) पण धबधब्यासारखे लॉग वाहत असतील तर बाहेरचं टर्मिनल उघडा, तिथे तुमचं म्हणणं बरोबर आहे.

दोन किरकोळ गोष्टी. व्हीटर्ममध्ये चालू प्रोग्रॅम थांबवायला कंट्रोल-सी दोनदा दाबावं लागतं, पहिलं इमॅक्स स्वतःकडे ठेवतो. आणि ऑफिसच्या मशीनवर सीमेक (व्हीटर्म कंपाइल करायला लागणारं साधन) नाही म्हणून व्हीटर्म बांधता येत नसेल, तर ईट हे टर्मिनलचं दुसरं पॅकेज घ्या. ते पूर्ण इलिस्पमध्ये, म्हणजे इमॅक्सच्या स्वतःच्या भाषेत, आहे, काही कंपाइल करावं लागत नाही. त्याचंही टर्मचं नाव वेगळं आहे, तेव्हा सर्व्हरसाठी वरचाच इन्फोकम्पचा मार्ग लागू.

ओळ काढून नवं लॉगिन केलंत की तीन ठिकाणी टर्मची किंमत छापून मला कळवाल का: साध्या शेलमध्ये, व्हीटर्ममध्ये, आणि व्हीटर्ममधून एसएसएच केल्यावर सर्व्हरवर. पहिल्या ठिकाणी 'डम्ब' आलं नाही, तर ती ओळ अजून कुठेतरी राहिली आहे.