उपस्थिती प्रार्थनीय

तीन वर्षांपूर्वीपर्यंत मी कुठे असलो काय आणि नसलो काय, कोणाचं काही अडत नव्हतं. आता महिन्यातून चारदा तरी माझी उपस्थिती प्रार्थनीय असते.

झालं असं की पोरीच्या गुणपत्रिकेतलं नाव दुरुस्त करायला मी जिल्ह्याच्या गावी विद्यापीठात गेलो होतो. खिडकीतले बाबू म्हणाले, "साहेब जेवायला गेले, तीनला या." बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि समोरच्या सभागृहात पंखे फिरत होते. मी पंख्याखाली जाऊन बसलो. व्यासपीठावर कोणीतरी कशावर तरी बोलत होतं. एका पोट्ट्याने वही पुढे केली. मला वाटलं चहाची मोजणी चालू आहे, म्हणून नाव, गाव, मोबाइल नंबर, सही, सगळं सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. चहा काही आला नाही. नावही त्या दिवशी दुरुस्त झालं नाही. पण तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला माझ्या मोबाइलवर 'आगामी कार्यक्रम' येतात. व्याख्यान, परिसंवाद, चित्रप्रदर्शन, पथनाट्य, रक्तदान, रांगोळी. खाली ठळक अक्षरात 'सर्वांसाठी खुला', आणि वर माझ्या नावाआधी 'जागरूक नागरिक'.

"तुमाले ते लोक ओयखतात का?" बायकोने विचारलं.

"नाही. पण प्रार्थना करतात."

तिने कापसाचं गाठोडं माझ्या डोक्यावर दिलं आणि विषय संपवला.

माझी तक्रार विषयांबद्दल नाही, तारखांबद्दल आहे. कपाशी फुटते दिवाळीच्या आगेमागे, आणि दुसरी-तिसरी वेचणी ऐन थंडीत येते. नेमका तेव्हाच विद्यापीठाचा बहर असतो. 20 डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी, 27 ला पंजाबराव देशमुखांची जयंती, 3 जानेवारीला सावित्रीबाई, 12 ला जिजाऊ आणि विवेकानंद एकाच दिवशी, 14 ते 28 मराठी भाषेचा पंधरवडा, फेब्रुवारीच्या शेवटी मराठी भाषा गौरव दिन आणि दुसऱ्याच दिवशी विज्ञान दिन. थोर माणसांनी येताना-जाताना वेचणीचा विचार केलेला दिसत नाही. इतरांचं जाऊ द्या, पंजाबराव तर पापळच्या कास्तकाराच्या घरचे. त्यांच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

उन्हाळ्यात वावर रिकामं आणि मीही रिकामा. तेव्हा विद्यापीठात परीक्षा, मग पेपर तपासणी, मग सुट्ट्या. पुण्यात म्हणे न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला अजून एप्रिल-मे महिन्यात भरते. पुण्याचा वसंत मेपर्यंत टिकत असेल. आमचा होळीलाच पळसावरून उतरतो आणि पुढे 45 अंशांत व्याख्यान तर सोडाच, कुत्रंही भुंकत नाही.

तरी एका मे महिन्यात तालुक्याच्या कॉलेजात असं धाडस झालं होतं. विषय होता पाणीटंचाई. सभागृहात दोन मोठे कूलर लावले होते. ते चालू असले की वक्ते ऐकू येत नव्हते आणि बंद केले की श्रोते उठून जात होते. शेवटी तोडगा निघाला की दहा मिनिटं कूलर आणि दहा मिनिटं वक्ते. वक्त्यांची पाळी आली की ते थेंब थेंब वाचवायला सांगत, आणि कूलरची पाळी आली की शिपाई बादलीने गवताच्या ताट्या भिजवत असे. मी घरी निघालो तोवर नऊ बादल्या झाल्या होत्या. वक्ते अजून प्रस्तावनेतच होते.

माझी बहीण वडसा भागात दिली आहे. तिकडच्या झाडीपट्टीत नाटक रात्री सुरू होतं ते तांबडं फुटेस्तोवर चालतं. लोक तिकीट काढून, घोंगडी अंथरून, पोराबाळांसकट बसतात. कोणी कोणाची प्रार्थना करत नाही. एकदा शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, गेलो असताना भाऊजींनी मला तिकडच्या एका कॉलेजात नेलं. झाडीपट्टी रंगभूमीवर चर्चासत्र होतं, वेळ सकाळी अकरा. खास निमंत्रित म्हणून दोन नटांना व्यासपीठावर बसवलं होतं. ते पहाटे पाचला प्रयोग संपवून, चेहऱ्याचा रंग अर्धवट पुसून, तसेच गाडीत बसून आले होते. 'येथील कलावंत रात्रभर जागून कला सादर करतो' असं एक प्राध्यापक कागदावरून वाचत होते आणि त्यांच्या शेजारीच त्याचा पुरावा तोंड उघडं टाकून घोरत होता. सत्कारापुरतं त्यांना उठवलं. एक नट दचकून उभा राहिला आणि त्याने आपल्या पहिल्या प्रवेशाचं वाक्य जोरात म्हटलं. दिवसभरात टाळ्या पडल्या त्या तेवढ्याच.

आता आमच्या विद्यापीठांची नावंच बघा. अमरावतीच्या विद्यापीठाला गाडगेबाबांचं नाव, 1923 च्या नागपूरच्या विद्यापीठाला तुकडोजी महाराजांचं. एकाच्या हातात खराटा, दुसऱ्याच्या हातात खंजिरी. पदवी दोघांजवळही नव्हती. गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री, लोक वावरातून येऊन जेवल्यावर, कीर्तनाला उभे राहायचे. प्रश्न तेच विचारायचे, उत्तर लोकांकडून घ्यायचे. प्रमुख पाहुणे नाहीत, प्रास्ताविक नाही, हजेरीची वही नाही. त्यांचा कार्यक्रम सकाळी अकराला ठेवला असता तर बाबांनी खराट्याने आधी आयोजकच झाडले असते.

असो. सांगायचं आहे ते गेल्या जानेवारीचं. पंधरवड्यानिमित्त संदेश आला: 'बहिःशाल शिक्षण मंडळातर्फे व्याख्यान. विषय: लीळाचरित्र आणि आपली बोली. उपस्थिती प्रार्थनीय.' शेजारचे आबाजी पारावर माझ्या बाजूला बसले होते. त्यांनी चष्मा नाकावर ओढून मोबाइल लांब धरला.

"बहिः... शाल. शाल देऊन रायले काय?"

"आबाजी, बहिः म्हणजे बाहेर, शाल म्हणजे शाळा. शाळेच्या बाहेरचं शिक्षण."

"मंग शाया म्हना ना बाप्पा. शाल काहून म्हनता?" थोडा वेळ विचार करून ते म्हणाले, "नारय बी अशीन. मी येतो."

मी पुष्कळ समजावलं. पण आबाजींच्या मते शिकलेली माणसं फुकटच्या वस्तूची बातमी नेहमीच दाबून ठेवतात.

सात वाजताच्या एसटीने निघालो, पावणेअकराला सभागृहात. तिथे एक माणूस खुर्च्या पुसत होता. त्याने आम्हालाच विचारलं, "पाहुणे आले का?" साडेअकराला कळलं की प्रमुख पाहुणे निघाले आहेत. साडेबाराला कळलं की निघाले होते ते दुसऱ्या कार्यक्रमाला. मग पहिल्या वर्षाची पोरं आणून बसवली आणि दोन्ही दारांशी एकेक प्राध्यापक खुर्ची टाकून बसले. आबाजी म्हणाले, "कोंडवाड्यात घालतात तसं घातलं."

पाहुणे आले. समईपाशी सगळे गोल उभे राहिले आणि काडीपेटी सापडेना. व्यासपीठावर एक डझन विद्वान, पण काडीपेटी कोणाकडेच नाही. जवळ असली तरी काढून दाखवायची हिंमत कोणाची? शेवटी आबाजी उठले. तरातरा चालत गेले आणि बिडीची काडीपेटी पाहुण्यांच्या हातावर ठेवून आले. समाजाच्या सहभागातून ज्ञानाचा दीप पेटला असं सूत्रसंचालक बाई लगेच म्हणाल्या. काडीपेटी मात्र समईजवळच राहिली, आणि पुढचा सगळा वेळ आबाजींचं लक्ष तिच्यावर.

स्वागतगीत झालं. सत्कार झाले. प्रत्येकाला शाल, स्मृतिचिन्ह आणि प्लास्टिकच्या पिशवीत एक रोप. दर शालीला आबाजी अर्धवट उठायचे आणि मी त्यांचा सदरा खाली ओढायचो. प्रास्ताविक झालं. पाहुण्यांचं मनोगत झालं, आणि ते 'वेळेअभावी' लांबत गेलं. मुख्य वक्ते उभे राहिले तेव्हा दोन चाळीस झाले होते. तीनला त्याच सभागृहात युवा महोत्सवाच्या नाचाची तालीम होती. नाचणारी मुलं बाजूच्या दारातून डोकावत होती आणि त्यांच्या स्पीकरवर 'चेक, चेक' चालू झालं होतं. वक्ते घाईघाईने लीळाचरित्र लिहिणाऱ्या म्हाइंभटांना घेऊन रिद्धपूरला पोचले, तोच चिठ्ठी त्यांच्यापर्यंत पोचली. त्यांनी ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "धन्यवाद." आभारप्रदर्शन त्यानंतर सतरा मिनिटं चाललं.

आमची गाडी साडेसहाची. साडेसात वाजले तरी नाही. थंडी मणक्यात शिरायला लागली होती. स्टँडवरच्या सिमेंटच्या बाकड्यावर आबाजी पाय पोटाशी घेऊन बसले होते, काडीपेटीवाचून, आणि अर्थात शालीवाचून. तेवढ्यात एका बगलेत स्मृतिचिन्ह, हातात रोप, खांद्यावर घडी केलेली शाल असे वक्ते समोरून चालत आले. त्यांना सोडायची गाडी पाहुण्यांना घेऊन गेली होती.

"हे कायचं रोप हाये?" आबाजींनी सरकून जागा दिली.

"कडुनिंब."

"लेका, हे तर आमच्या धुऱ्यावर फुकटात उगवते." मग आठवण झाल्यासारखं म्हणाले, "तुमी ते रिद्धपूरले गेलते. मंग काय झालं?"

वक्त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आबाजींकडे. आणि बोलायला लागले. चिठ्ठी नाही, माइक नाही. महानुभाव पंथाचे चक्रधर स्वामी निघून गेल्यावर त्यांच्या आठवणी विरून जातील म्हणून म्हाइंभटांनी त्या जमवायला घेतल्या. हे आपल्या मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर, साल साधारण 1278. स्वतः पाहिलेलं थोडं. मग स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य, त्यांना विचार, ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं, ऐकलं त्यांना विचार: कुठे बसले होते, काय म्हणाले, तेव्हा कोण होतं. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ असा ऐकणाऱ्यांना विचारून विचारून झाला. भाषा कोणती, तर लोकांच्या तोंडची. फल्लीवाला टोपली घेऊन जवळ येऊन उभा राहिला. कंट्रोलरच्या खिडकीतला माणूसही मान बाहेर काढून ऐकत होता.

"म्हंजे," आबाजी म्हणाले, "ऐकनाऱ्याईची हजेरी त्यानं पह्यले घेतली."

वक्ते इतके हसले की रोप खाली पडलं. मग आबाजींनी विचारलं, तेव्हा कापूस होता का, लोक काय नेसत, बाया ऐकायला येत का. बाया येत, वक्ते म्हणाले, आणि स्वामींची शिष्या महदाइसा कशी त्यांना प्रश्नावर प्रश्न विचारायची ते सांगू लागले. महदाइसेपाशी तास गेला.

आधी त्यांची गाडी आली. उठताना त्यांनी आबाजींच्या कुडकुडणाऱ्या खांद्यांकडे पाहिलं, आपल्या खांद्यावरची शाल काढली आणि आबाजींच्या अंगावर टाकली. आबाजींनी एकदाही नाही म्हटलं नाही.

गाडी वळणावरून गेल्यावर त्यांनी शाल नीट लपेटून घेतली, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "मी काय म्हनलं होतं तुले? अंदर नाई भेटत. बहिःशाल."