साडेतीन अंश ‘परवडतात’, पण कोणत्या दराने?

सध्या एक मजकूर जोरात फिरतो आहे. त्याचं सार असं: हवामान बदल रोखण्याचा खर्च त्याच्या नुकसानीपेक्षा मोठा आहे, २०१८चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या विल्यम नॉर्डहाउस यांनीच साडेतीन अंशांची तापमानवाढ ‘इष्टतम’, म्हणजे खर्च आणि नुकसान यांचा मेळ घालता सर्वांत परवडणारी, ठरवली आहे, ती रोखायला गेलो तर आपण गरीब होऊ, सौरऊर्जा हे श्रीमंतांचे चोचले, आणि हे मत नसून गणित आहे.

‘हे मत नाही, गणित आहे’

गणित आहेच. पण त्यात घातलेले आकडे कुणीतरी निवडलेले असतात. आजचा खर्च आणि शंभर वर्षांनी टळणारं नुकसान यांची तुलना करायची तर उद्याच्या रुपयाची आजची किंमत काढावी लागते. त्यासाठी वापरतात तो डिस्काउंट रेट. शंभर वर्षांनंतरचं १०० रुपयांचं नुकसान १.४ टक्के दराने आज सुमारे २५ रुपयांचं भरतं. साडेपाच टक्क्यांनी तेच ४७ पैशांचं! ब्रिटनचे अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांनी हवामान बदलावरच्या २००६च्या अहवालात पहिल्याच्या आसपासचा दर धरला, तर नॉर्डहाउस यांनी त्यांच्यावर टीका करताना दुसऱ्याच्या आसपासचा. स्टर्न यांचं म्हणणं, कुणी उशिरा जन्माला येणार म्हणून त्याचं दुःख स्वस्त धरणं अन्याय्य आहे. नॉर्डहाउस यांचं म्हणणं, बाजारात भांडवलावर जो परतावा मिळतो तो सोडून दर हवेतून काढता येत नाही. दोघांच्याही बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. पण हा वाद नीतीचा आहे, बेरजेचा नाही.

अमेरिकेत तर उत्तर सरकारागणिक बदललं. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत एक टन कार्बन डायऑक्साइडमुळे होणारं नुकसान १ ते ७ डॉलर धरलं गेलं: दर चढा, आणि हिशेबात फक्त अमेरिका. २०२३ मध्ये तिथल्याच पर्यावरण संरक्षण संस्थेने २ टक्के दर, साऱ्या जगाचं नुकसान आणि नवे अभ्यास धरून तोच टन १९० डॉलरवर नेला.

‘साडेतीन अंश इष्टतम’

हा आकडा नॉर्डहाउस यांच्या ‘डाइस’ या, अर्थव्यवस्था आणि हवामान एकत्र मांडणाऱ्या गणिती मॉडेलच्या २०१६च्या आवृत्तीतला. त्याच आवृत्तीत तापमान ६ अंशांनी वाढलं तरी जागतिक उत्पन्न जेमतेम ८.५ टक्क्यांनी घटतं. शेवटचं हिमयुग ऐन भरात असताना पृथ्वी साधारण तेवढ्याच अंशांनी थंड होती आणि उत्तर युरोप बर्फाखाली गाडला गेला होता. तितकाच फरक उलट दिशेने झाला तर ८.५ टक्के?

अशा अंदाजांचं मूळ जुनं आहे. नॉर्डहाउस यांच्या १९९१च्या निबंधात अमेरिकेच्या सुमारे ८७ टक्के उत्पादनावर हवामानाचा परिणाम नगण्य मानला होता. शेतीसारखे हवामानावर थेट अवलंबून असलेले व्यवसाय फक्त ३ टक्के, म्हणून धोकाही तेवढाच. घराच्या एकूण खर्चात पाण्याचं बिल किरकोळ असतं म्हणून नळ बंद झाला तरी बिघडत नाही, असं म्हणण्यासारखंच हे. शिवाय भारतात चाळीस टक्क्यांहून अधिक कामकरी माणसं आजही शेतीवर आहेत.

मजकूर दोन गोष्टी गाळतो. नॉर्डहाउस यांनी ‘काही करू नका’ असं कधीच म्हटलं नाही, ते कार्बन कराचे, म्हणजे हवेत सोडलेल्या कार्बनवर आकारायच्या कराचे, जुने पुरस्कर्ते. आणि अर्थतज्ज्ञ लिंट बराज यांच्यासोबत त्यांनी मॉडेल अलीकडे सुधारलं, तेव्हा ‘इष्टतम’ वाढ ३ अंशांच्या आत आली.

‘रोखायला गेलो तर गरीब होऊ’

हवामान बदलाचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या समितीच्या २०१४च्या अहवालात तापमानवाढ रोखण्याच्या कडक उपायांचा खर्च २१०० साली जागतिक उपभोगाच्या ३ ते ११ टक्के आहे. आकडा घाबरवतो खरा, पण ही घट आजच्या ताटातली नाही. त्याच हिशेबात तोवर उपभोग चौपट ते दहापट होतो, आणि वाढीचा वार्षिक वेग सरासरी ०.०६ टक्केबिंदूंनी घटतो. टळलेल्या नुकसानीचा फायदा यात धरलेलाच नाही.

मात्र हेही आदर्श जगाचं चित्र आहे: सगळे देश एकदम कामाला लागतात आणि जगभर कार्बनची किंमत एकच. कार्बन जमिनीखाली साठवण्याचं तंत्र मिळालं नाही असं धरलं, तर तोच खर्च दुपटीच्या वर जातो.

‘सौरऊर्जा हे चोचले’

२०१० मध्ये केंद्रीय वीज नियामक आयोगाने सौरविजेला युनिटमागे १७ रुपये ९१ पैसे दर ठरवला होता. २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडला इथे बोली २ रुपये ४४ पैशांवर आली, २०२०च्या अखेरीस गुजरातेत १ रुपया ९९ पैशांवर. रात्रीसाठीची साठवण आणि ग्रिडचा खर्च यात नाही, हे मान्य. पण जुन्या चढ्या किमती धरून केलेले अंदाज आज पुढे ढकलणं म्हणजे शिळ्या कढीला ऊत आणणं.

मजकुराच्या भीतीत एक गोष्ट खरी आहे. सौरप्रकल्पाचा जवळजवळ सगळा पैसा सुरुवातीलाच ओतावा लागतो. कोळशाच्या वीजकेंद्राचा मोठा खर्च इंधनावर, वर्षानुवर्षे होत राहतो. त्यामुळे कर्ज महाग तिथे सौरवीज महाग, आणि विकसनशील देशांत कर्ज युरोपपेक्षा महागच मिळतं. तेव्हा ‘आपल्याला परवडत नाही’ या वाक्यातला किती भाग सूर्याचा आणि किती कर्जाच्या व्याजाचा, हे आधी वेगळं काढावं लागेल.